तारीख मात्र खरी होती

सुपडूभाऊइतका भित्रा माणूस मी आमच्या एरंडोल तालुक्यात दुसरा पाहिला नाही. हे मी त्याची नालस्ती करायला सांगत नाही. मारक्या बैलाच्या नाकात हात घालायला तो मागेपुढे पाहायचा नाही, पण कागद दिसला की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. विजेचं बिल आलं तरी आधी दुसऱ्याला वाचायला द्यायचा. आम्ही बायका त्याला चिडवायचो, की सुपडूभाऊ वाघाला भिणार नाही, शिक्क्याला भिईल. तोही खालमानेनं हसायचा. आता त्याला कुणी चिडवत नाही, आणि त्याला कारण मी आहे. मी म्हणजे प्रमिलाबाई, पद्मालयाच्या वाटेवर आमचं गाव आहे तिथली. मालक जाऊन नऊ वर्षं झाली. गोठ्यात चार जनावरं आहेत आणि तोंडात जीभ जरा जास्त आहे, असं लोक म्हणतात. बरोबरच म्हणतात.

सुपडूभाऊ आमच्या गल्लीच्या टोकाला राहतो. बारावी झाल्यावर त्यानं पशुधन पर्यवेक्षकाची पदविका केली, दोन वर्षांची. गावानं त्याला डॉक्टर म्हणायला सुरुवात केली तेव्हापासून तो सांगत आलाय, की बाबांनो, मी डॉक्टर नाही. डॉक्टर कोण, तर पाच वर्षं कॉलेज करून ज्याचं नाव राज्याच्या पशुवैद्यक परिषदेत नोंदवलेलं आहे, ज्याला तिथून नंबर मिळालाय तो. पदविकावाल्यानं अशा नोंदणीवाल्या डॉक्टरच्या सांगण्याखाली किरकोळ कामं करायची. मलमपट्टी, लस, फार तर एखादं इंजेक्शन, तेही विचारून. पण गावाला ते कुठं पटतं? मध्यरात्री गाय अडली की कोण नंबर विचारत बसतो? ज्याच्या हातात पेटी तो डॉक्टर.

त्याचे डॉक्टर होते एरंडोलचे लीलाधर सर. त्यांच्या दवाखान्यात परिषदेचं प्रमाणपत्र भिंतीवर काचेत लावलेलं होतं, आणि दर वर्षी ते सुपडूभाऊला एक पत्र लिहून द्यायचे, की हा माणूस माझ्या देखरेखीखाली काम करतो. ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुपडूभाऊ पेटीत तळाशी ठेवायचा. आणि त्याची एक रीत होती. जनावराजवळ गेला की आधी मोबाईल काढायचा, सरांना लावायचा, आवाज मोठा करून गव्हाणीवर ठेवायचा. मग ताप मोजून सांगायचा, डोळे पाहून सांगायचा, शेण कसं आहे ते सांगायचा. सर तिकडून म्हणायचे, अमुक दे, एवढंच दे. मगच याची सुई बाहेर यायची. कुणी घाई केली तर म्हणायचा, "थांबा अक्का, सरले इचारस." बावीस वर्षं हे असंच चाललं. या बावीस वर्षांत त्याच्या हातून एक जनावर दगावल्याचं मला आठवत नाही.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी लीलाधर सर गेले. सकाळी पूजा करताना छातीत कळ आली आणि जळगावला नेईपर्यंत संपलं सगळं. आमच्या गावातून दोन गाड्या भरून माणसं गेली. मीही गेले होते. त्यांच्या ओट्यावर बसून रडले, कारण आमच्या मालकांच्या वेळची तीन जनावरं त्या माणसानं वाचवली होती. सुपडूभाऊ दाराशी उभा होता. रडत नव्हता. नुसता उभा होता आणि पुन्हा पुन्हा मोबाईल खिशातून काढून बघत होता.

त्यानंतर पंधरा दिवस त्यानं पेटी खुंटीला टांगली. सरकारी दवाखान्यात नवल डॉक्टर आहेत, तरुण आहेत, स्वभावानं चांगले, पण त्यांच्याकडे दोन दवाखान्यांचा भार. सुपडूभाऊ त्यांच्याकडे गेला, म्हणाला मला तुमच्या देखरेखीखाली घ्या. ते म्हणाले, मला वर विचारावं लागेल. दुसऱ्या एका खासगी डॉक्टरांकडे गेला. ते म्हणाले, माझा नंबर मी दुसऱ्याच्या हाती देत नाही. त्यांचंही खरंच आहे म्हणा, उद्या काही झालं तर जाब त्यांनाच द्यावा लागणार. सुपडूभाऊ परत आला आणि घरात बसला. त्याची बायको बेबाबाई मला नळावर सांगायची, "रातभर झोपतस नही, अक्का. म्हणतस, मी आते कोणना माणूस शे?"

आता माझं पाप सांगते.

माझी कामिनी धुळ्याकडे दिलीय. दिवाळीनंतर तिला पहिला मुलगा झाला. आमच्या घरात रीत आहे, लेकीचं पहिलं बाळंतपण झालं की बारशाला माहेरची दुभती गाय जाते. माझ्या सासूच्या लेकीला गेली, माझ्या नणंदेच्या लेकीला गेली. मी तांबडी निवडली, गरीब गाय, लाथ म्हणून मारत नाही. बारसं गुरुवारी. छोटा हत्ती टेम्पो चालवणारा रुपचंद मंगळवारी येऊन म्हणाला, "काकू, गाय गाडीत न्यायची तर डॉक्टरचा दाखला लागतो, की जनावर धडधाकट आहे, प्रवासाला चालेल. नंबर आणि शिक्का असलेला. आजकाल फार तपासतात. दाखला नसेल तर मी गाडी काढत नाही."

नवल डॉक्टर पुण्याला प्रशिक्षणाला गेलेले, शुक्रवारी येणार. मी काय म्हणायला हवं होतं? बारसं होऊ दे, गाय आठ दिवसांनी जाईल. कामिनीच्या सासरचे काही माझं डोकं फोडणार नव्हते. पण मला मिरवायचं होतं. बारशाच्या मांडवात गाय उतरली पाहिजे, चार बायकांनी पाहिली पाहिजे, हा माझा हट्ट.

आणि मला माहीत होतं, की सुपडूभाऊच्या पेटीत दोन कोरे दाखले आहेत. सर शेवटच्या वर्षी थकले होते, हात थरथरायचा. लोकांचा खोळंबा नको म्हणून त्यांनी चारपाच दाखल्यांवर आधीच सही-शिक्का करून ठेवला होता. सुपडूभाऊनं जनावर पाहायचं, फोनवर सरांना सांगायचं, सर हो म्हणाले की भरायचं. हे कायद्यात बसत नव्हतं, ते सरांनाही ठाऊक असणार, पण अंगवळणी पडलं की कायदा कुणाला आठवतो. त्यातले दोन उरले होते. ते फाडायला हवे होते. सुपडूभाऊला ते फाडवले नाहीत, कारण त्यावर सरांचं अक्षर होतं.

मी त्याच्या घरी गेले. तो नाहीच म्हणाला. "अक्का, सर नही शेतस आते."

"कागद शे, वाघ नही शे," मी म्हटलं. "गाय धडधाकट आहे का नाही ते तू बघ. खोटं काय त्यात?"

तो नाही म्हणतच राहिला. तेव्हा मी ते बोलले, जे बोलायला नको होतं. बेबाबाईदेखत म्हटलं, "तुझ्यासाठी आमच्या मालकांनी काय नाही केलं रे? तुझ्या पदविकेच्या वेळी तुला जळगावला कोण घेऊन गेलं होतं? आणि आज माझ्या लेकीच्या बारशाला तू एक कागद भरत नाहीस. बाईमाणसाला लाज वाटेल एवढा भित्रा आहेस." त्याचे कान लाल झाले. उठला, पेटी घेतली आणि माझ्या गोठ्यात आला.

तांबडीला त्यानं अर्धा तास तपासलं. ताप मोजला, तोंड उघडून जीभ पाहिली, खूर चारी पाहिले, कासेला हात लावून पाहिला. मोबाईल काढला, गव्हाणीवर ठेवला, मग काहीतरी आठवून परत खिशात घातला. मग कागद मांडीवर घेऊन भरायला लागला. तारखेपाशी थांबला. मी शहाणपणा शिकवायला गेले, म्हटलं, "पोळ्याच्या आधीची टाक." तो माझ्याकडे असा पाहायला लागला, जणू मी त्याला चोरी करायला सांगितलीय.

"तारीख खोटी कशी टाकू, अक्का? गाय तर मी आज देखी."

त्यानं त्या दिवसाची तारीख टाकली. सर जाऊन तीन महिने झालेले, आणि खाली सरांची सही. त्याच्या डोक्यात फक्त एवढंच होतं, की जनावराबद्दल खोटं लिहायचं नाही. आणि मी, दहावी शिकलेली, मला तरी कळायला हवं होतं ना? मी मालकाच्या जागी माझी सही केली, कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि पुरणाला डाळ टाकायला गेले.

पारोळ्याच्या पुढे पोलिसांनी गाडी थांबवली. मी पुढे बसले होते. हवालदारानं दाखला वाचला, उलटा केला, परत वाचला. मग म्हणाला, "लीलाधर डॉक्टर? एरंडोलचे? अहो, माझ्या सासऱ्यांच्या म्हशीला तेच यायचे. ते तर वारले ना?"

रुपचंदनं स्टिअरिंगवरचे हात काढले. मी काहीतरी बडबडले, की बारसं आहे, लेक बाळंतीण आहे. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं गाय जाऊ दिली, पण कागद ठेवून घेतला आणि माझं नाव, गाव, मोबाईल नंबर लिहून घेतला. बारशात बायका गाईला हळदकुंकू लावत होत्या आणि माझं ताट तसंच पडलं होतं. कामिनी म्हणाली, आई, तुला बरं नाही का? मी म्हटलं, ऊन लागलं. डिसेंबर महिन्यात.

त्यानंतर दीड महिना काहीच आलं नाही, आणि ते आलेल्यापेक्षा वाईट होतं. सुपडूभाऊ रोज सकाळी माझ्या दाराशी यायचा, आत यायचा नाही, विचारायचा, काही आलं का. गल्लीत अनोळखी मोटारसायकल वाजली की बेबाबाई कडी लावायची. कुणीतरी त्याला सांगितलं, की मेलेल्या माणसाची सही वापरली म्हणजे फसवणूक, सरळ आत टाकतात. दुसऱ्यानं सांगितलं, की पदविकाही काढून घेतात. तो वाळत चालला होता. लोक जनावरं घेऊन यायचे तर तो परसातून मागच्या मागे निघून जायचा. आणि मला भीती कशाची होती सांगू? त्याची नव्हती. दाखल्यावर गाईची मालकीण म्हणून माझं नाव होतं, माझी सही होती. मी अंथरुणात पडल्या पडल्या जेलचा दरवाजा बघायची. साठीला आलेली बाई, गावात मान असलेली, हातात बेडी. सुपडूभाऊचा विचार माझ्या मनात त्यानंतर यायचा. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

मग पत्र आलं. दोघांना जळगावला पशुसंवर्धन खात्याच्या कचेरीत बोलावलं होतं. एसटीत आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो. जळगावच्या स्टँडवर नशिराबादकडून आलेला कुणी एक ओळखीचा भेटला, विचारायला लागला कुठं निघालात, तर सुपडूभाऊ म्हणाला, डोळे तपासायला.

आत एक मॅडम होत्या, माझ्या कामिनीपेक्षा थोड्या मोठ्या. टेबलावर आमचा दाखला आणि शेजारी परिषदेचं पत्र. त्यात लिहिलं होतं म्हणे, की लीलाधर सरांचं नाव नोंदवहीतून अमुक तारखेला कमी केलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे मला विचारलं, "आजी, हे डॉक्टर वारल्याचं तुम्हाला माहीत होतं?"

मी त्यांच्या ओट्यावर बसून रडले होते. मी म्हटलं, "नाही."

"दाखला तुम्ही मागितला होता?"

"नाही. मी फक्त गाय न्यायची म्हटलं. कागद यांनीच आणून दिला."

माझा आवाज कापला नाही. खोटं बोलताना माझा आवाज इतका साफ निघेल, हे मला त्या दिवशी कळलं. मी सुपडूभाऊकडे पाहिलं नाही. मॅडमनी त्याला विचारलं, बाई म्हणतात ते खरं आहे का? तो उभा राहिला. शाळेतल्या पोरासारखा खुर्ची मागे सारून उभा राहिला आणि म्हणाला, "हो. बाईंना काहीच माहीत नव्हतं. सगळं मीच केलं."

मॅडमनी दाखला परत पाहिला आणि विचारलं, तुम्ही मागची तारीख का नाही टाकली? तो म्हणाला, गाय त्या दिवशी तपासली होती. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. मला वाटतं, त्यांना त्याची दया आली. पण त्यांनी लिहायचं ते लिहिलंच. पोलिसांत द्यायचं की नाही हे परिषदेचं उत्तर आल्यावर ठरेल, तोपर्यंत सुपडूभाऊनं हमीपत्र द्यायचं, की कोणा नोंदणीवाल्या डॉक्टरनं लेखी घेतल्याशिवाय कुठल्याही जनावराला हात लावणार नाही. लावला आणि कुणी सांगितलं, तर थेट गुन्हा. त्यानं सही केली. अक्षर इतकं हललं, की मॅडमनी दुसऱ्यांदा करायला लावली. मला म्हणाल्या, आजी, तुम्ही जाऊ शकता, पुढच्या वेळी कागद नीट बघत जा.

मी सुटले. परतीच्या एसटीत मला भूक लागली. मी भजी घेतली, त्याच्यापुढे धरली. त्यानं एक उचललं आणि गावापर्यंत हातातच धरून ठेवलं.

होळी झाली आणि चैत्राच्या उन्हात माझी कपिली व्यायला आली. पहिलारू. सकाळी दहाला कळा सुरू झाल्या. अकराला एक पाय बाहेर आला आणि तिथंच थांबला. दुसरा पाय नाही, तोंड नाही. वासराचं डोकं आत मागे वळलं होतं, एवढं मलाही कळत होतं. नवल डॉक्टरांना फोन लावला. ते लसीकरणाला लांबच्या गावी होते, म्हणाले निघतो, पण दीड तास लागेल, ओढू नका. शेजारचा गिरधर आबा आला, आणखी दोघंतिघं आले. सगळे अंगणात उभे. कुणीही पुढे होईना. आबा म्हणाला, "आपण नको. जळगावचं प्रकरण ताजं आहे. उद्या काही झालं तर आपलंच नाव." कपिली पाय ताणून पडली होती आणि माझ्याकडे बघत होती.

मी धावत सुपडूभाऊकडे गेले. तो ओसरीत बसला होता. मी काय सांगतेय ते त्याला पहिल्या वाक्यातच कळलं, कारण त्यानं विचारलं, "डोकं कोन्हीकडे शे, डाव्या का उजव्या?" मी म्हटलं, मला नाही समजत, तू चल. तो उठला. चप्पल न घालता दारापर्यंत आला. उंबऱ्यापाशी थांबला आणि दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"चल ना रे," मी म्हटलं. "कोण बघतंय? आपलीच माणसं आहेत."

त्यानं मान हलवली. रागानं नाही. राग असता तर मी पाय धरले असते. अगदी साधेपणानं, हिशेब सांगावा तसं म्हणाला, "कोणी इचारं तर तुम्ही सांगशात, अक्का."

तो आत गेला आणि कडी लावली. बाहेरून मला ऐकू येत होतं, तो आत येरझाऱ्या घालत होता.

डॉक्टर साडेबाराला आले. शर्ट काढून खाली बसले, हात घातला, डोकं वळवलं, वासरू ओढलं. ते मेलेलंच होतं. कपिलीचं पोट आतून फाटलं होतं. सलाईन लावेपर्यंत तिनं मान टाकली. डॉक्टर उठले. मग हात धुऊन वही काढली आणि विचारलं, "मी यायच्या आधी कुणी हात लावला होता का?"

मी म्हटलं, "नाही. कुणीच नाही."

या वेळी मी खरं बोलले. त्यांनी लिहून घेतलं. जाताना गिरधर आबाला म्हणाले, मी यायच्या अर्धा तास आधी कुणी जाणत्यानं डोकं सरळ केलं असतं तर दोन्ही जीव वाचले असते.

दिवस कलला तेव्हा सुपडूभाऊ आला. फाटकाबाहेर उभा राहिला. कपिलीवर आम्ही गोणपाट टाकलं होतं, ते तिथून दिसत होतं. हा माणूस एरवी शेळीचं करडू मेलं तरी त्या दिवशी जेवायचा नाही. मला वाटलं आता रडेल, आणि मी त्याच्यापुढे रडून घेईन, सगळं कबूल करीन, उद्याच्या उद्या जळगावला जाते म्हणेन. मी फाटकापाशी गेले.

त्यानं गोठ्याकडे पाहिलंच नाही. आजूबाजूला बघून हळू आवाजात विचारलं, "डॉक्टरनी काय लिखं, अक्का? मनं नाव तर नही ना त्यामा?"

"नही, भाऊ," मी म्हटलं. "तुझं नाव नही शे."

त्यानं मोठा श्वास सोडला, मान डोलावली आणि घराकडे वळला.